जे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले नसते

ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १९८८ साली आली. पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' एवढेच शब्द उमटवणारा जो छोटासा प्रोग्रॅम जगभर पहिला धडा म्हणून शिकवला जातो, तो या पुस्तकामुळेच लोकप्रिय झाला. दुसऱ्या आवृत्तीतला हा प्रोग्रॅम आहे तसा, एकही अक्षर न बदलता टाइप करावा आणि २०२४ साली आलेल्या जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीला द्यावा. कंपायलर तो नाकारतो. 'मेन'च्या आधी त्याचा प्रकार लिहिलेला नाही, अशी तक्रार करून थांबतो. मग त्याच आज्ञेत '-एसटीडी=सी९०' एवढी अक्षरे वाढवावीत. तोच प्रोग्रॅम आता निमूटपणे चालतो.

मग हा प्रोग्रॅम बरोबर आहे की चूक? नुसत्या प्रोग्रॅमकडे कितीही वेळ पाहिले तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते कंपायलरला दिलेल्या आज्ञेत आहे, आणि ती आज्ञा प्रोग्रॅमच्या बाहेर आहे. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या पुस्तकांवर आमचा आक्षेप आहे तो नेमका इथे. प्रोग्रॅमचा मजकूर म्हणजेच सगळे काही, अशी समजूत ही पुस्तके करून देतात. तो मजकूर कोणत्या कंपायलरने, कोणते पर्याय देऊन, संगणकाच्या कोणत्या परिस्थितीत 'बांधला', याबद्दल ती बहुधा मौन पाळतात. (या लेखात आज्ञा आणि पर्याय आम्ही उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत लिहिले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

कर्निहन आणि रिची यांच्यावर हा आरोप करणे मात्र पुरते न्याय्य होणार नाही. त्यांनी पहिल्याच प्रकरणात स्पष्ट बजावले आहे की नवी भाषा शिकताना खरा अडथळा पहिल्या प्रोग्रॅमचाच असतो. मजकूर कुठे तरी लिहायचा, तो कंपाइल करायचा, चालवायचा आणि उत्तर कुठे उमटले ते शोधायचे, एवढे जमले की बाकीचे त्या मानाने सोपे. त्यानंतर युनिक्सवर काय करायचे हे ते दोन ओळींत सांगतात: 'सीसी' या आज्ञेला फाइलचे नाव द्या, 'ए.आउट' नावाची फाइल तयार होईल, ती चालवा. इतर संगणकांवर नियम वेगळे असतील, तेव्हा तिथल्या जाणकाराला विचारा, असेही ते सांगतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये असा जाणकार शेजारच्या खोलीत बसलेला असे. काही वेळा तर तो स्वतः रिचीच असे! त्यामुळे त्या पुस्तकाला हा सल्ला शोभून दिसतो.

पुढे आलेल्या पुस्तकांनी या मांडणीतला मोकळेपणा उचलला नाही, फक्त संक्षेप उचलला. 'जाणकाराला विचारा' हे वाक्य गळले आणि उरली फक्त कोणती कळ दाबायची ती सूचना. आपल्याकडे शाळा-कॉलेजात तो जाणकार म्हणजे शिक्षकच. त्याच्या हातात असलेल्या पुस्तकाने त्याला या बाबतीत काहीच सांगितलेले नसेल, तर विद्यार्थ्याने विचारल्यावर त्याने काय करावे?

प्रथम या दोन ओळींच्या आड काय घडते ते पाहू. कंपायलरला एक आज्ञा दिली की एक काम होते असे वाटते. प्रत्यक्षात चार कामे एकापाठोपाठ एक होतात. आधी प्रीप्रोसेसर '#इन्क्लूड'सारख्या ओळी सोडवतो, म्हणजे ज्या फाइलचे नाव दिले आहे तिचा मजकूर त्या जागी आणून ठेवतो. मग खुद्द कंपायलर सी भाषेतून असेंब्ली भाषेत रूपांतर करतो. असेंबलर त्यापासून यंत्रभाषेतली फाइल तयार करतो. शेवटी लिंकर ती फाइल आणि तयार लायब्ऱ्या एकमेकींना जोडतो. जीसीसीला '-ई' दिले तर तो पहिल्या पायरीनंतर थांबतो, '-एस' दिले तर दुसऱ्या, आणि '-सी' दिले तर तिसऱ्या. 'हॅलो, वर्ल्ड'ला '-ई' देऊन पाहावे. पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम शेकडो ओळींचा होऊन पडद्यावरून सरकत जातो. वर्गात हे एकदा दाखवले की '#इन्क्लूड' हा मंत्र राहत नाही, मजकूर आणून चिकटवण्याची साधी कृती आहे हे कळते. पाच मिनिटांचे काम. परंतु आम्ही चाळलेल्या क्रमिक पुस्तकांत ते क्वचितच सापडते. चार पायऱ्यांची आकृती मात्र सापडते, परीक्षेत काढण्यासाठी.

या पायऱ्या माहीत नसल्या की काय होते याचे एक छान उदाहरण आहे. लिनक्सवर जीसीसी वापरणाऱ्या वर्गात दोन विद्यार्थ्यांना वर्गमूळ काढायला सांगावे. पहिला प्रोग्रॅममध्येच 'एसक्यूआरटी(२.०)' असे लिहितो. दुसरा संख्या वापरणाऱ्याकडून घेतो आणि 'एसक्यूआरटी(एक्स)' लिहितो. दोघेही 'मॅथ.एच' न विसरता जोडतात. पहिल्याचे उत्तर येते. दुसऱ्याला मात्र 'एसक्यूआरटी'चा संदर्भ सापडत नाही असा संदेश मिळतो. दुसऱ्याचा प्रोग्रॅम जास्त चांगला, आणि अडतो तोच! कारण असे की २ चे वर्गमूळ कंपायलर स्वतःच कंपाइल करताना काढून ठेवतो, त्याला लायब्ररीची गरजच पडत नाही. एक्सची किंमत मात्र प्रोग्रॅम चालेल तेव्हाच कळणार, म्हणून गणिताची लायब्ररी जोडावी लागते, आणि त्यासाठी आज्ञेच्या शेवटी '-एलएम' लिहावे लागते. 'मॅथ.एच' ही फाइल वर्गमूळ काढत नाही. असे नाव असलेले एक फंक्शन आहे, ते अमुक प्रकारची संख्या घेते आणि अमुक प्रकारची संख्या देते, एवढेच ती सांगते. जाहीर करणे वेगळे आणि पुरवणे वेगळे. हा भेद समजावून देणारे परिच्छेद वाचण्यापेक्षा ही एक अडचण सोडवून विद्यार्थी जास्त शिकतो. अट एवढीच की शिक्षकाने 'शेवटी -एलएम लिही, म्हणजे झाले' असे म्हणून तो प्रश्न मिटवू नये.

आता टर्बो सी. बोरलँड कंपनीने तो १९८७ साली आणला. लिहिणे, कंपाइल करणे, चालवणे आणि चुका पाहणे हे सारे एकाच पडद्यावर, तेही त्या काळच्या मामुली संगणकावर आणि झपाट्याने. त्याचे हे ऋण नाकारता येणार नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत तो आणि त्याच्या मागून आलेला टर्बो सी प्लस प्लस वर्षानुवर्षे टिकला, अगदी इतका की ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालेनासा झाल्यावर जुन्या डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स बसवून त्यात तो चालवला गेला. हट्ट म्हणावा की निष्ठा, हे वाचकांनी ठरवावे.

पण टर्बो सीने पर्याय नाहीसे केले नव्हते, ते मेनूत ठेवले होते. 'ऑप्शन्स' या मेनूत 'डिरेक्टरीज' नावाची एक चौकट असे. हेडर फाइली कुठे आहेत आणि लायब्ऱ्या कुठे आहेत, ते तिथे लिहिलेले असे. कोणी टीसी हे फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवले की पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला 'एसटीडीआयओ.एच' उघडता येत नाही असा संदेश दिसे. विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसत, आणि चूक प्रोग्रॅममध्ये नसेच. याच मेनूत मेमरी मॉडेल निवडण्याची सोय होती. टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज अशी सहा नावे विद्यार्थी पाठ करत, पण हा कंपायलरला दिलेला एक पर्याय आहे आणि तो बदलला की त्याच प्रोग्रॅममधल्या पॉइंटरचा आकार बदलू शकतो, हे करून पाहणारे थोडे.

टर्बो सीमध्ये 'इंट' १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. क्रमगुणित काढण्याचा प्रोग्रॅम सर्वांनीच लिहिलेला असतो. त्यात ७ दिले तर ५०४० हे बरोबर उत्तर येते. ८ दिले तर ४०३२० ऐवजी -२५२१६ येते. तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसीने बांधला तर 'इंट' ३२ बिटांचा असतो. ८ चे उत्तर बरोबर, १२ चेही बरोबर, म्हणजे ४७९००१६००. १३ ला ६२२७०२०८०० यायला हवे, त्याऐवजी साधारणपणे १९३२०५३५०४ दिसते. पहिली चूक ऋण चिन्हामुळे लगेच डोळ्यात भरते. दुसरी धन असते आणि भलीमोठी असते, म्हणून ती बिनबोभाट खपून जाते. छापील पुस्तकात प्रोग्रॅमखाली 'आउटपुट' म्हणून जे दिलेले असते ते कोणत्या कंपायलरचे, हे लिहिले नसेल तर त्या आउटपुटला काय अर्थ उरतो? पाणी १०० अंशांना उकळते असे लिहिताना आपण दाबाचा उल्लेख करतो. महाबळेश्वरला ते त्याहून कमी तापमानाला उकळते, हे सातवीतल्या मुलाला सांगतो. क्रमगुणिताच्या बाबतीत मात्र हा उल्लेख करण्याची गरज आपल्याला वाटलेली नाही.

पर्यायांचा दुसरा भाऊ म्हणजे 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'. आम्ही त्याला परिसर-चल म्हणू. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, ही कल्पना आली. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हाती नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक यादी ठेवली जाते. वापरणाऱ्याचे नाव काय, त्याचे घर कोणती डिरेक्टरी, त्याची भाषा कोणती, कालविभाग कोणता, अशा गोष्टी तिच्यात असतात. तिच्यातला सर्वांत प्रसिद्ध चल म्हणजे 'पाथ'. आपण एखादी आज्ञा टाइप केली की त्या नावाची फाइल कुठे कुठे शोधायची त्या डिरेक्टऱ्यांची यादी त्यात असते, युनिक्सवर विसर्गचिन्हाने आणि विंडोजवर अर्धविरामाने विभागलेली. यादी क्रमाने पाहिली जाते आणि पहिली सापडेल ती फाइल चालते.

या एका वाक्यातून किती गोष्टी निघतात पाहा. एका संगणकावर कंपायलरच्या दोन आवृत्त्या असतील तर कोणती चालेल हे 'पाथ'मधला क्रम ठरवतो. डॉसमध्ये चालू डिरेक्टरी सर्वांत आधी पाहिली जाई, युनिक्सवर ती मुद्दाम सांगितल्याशिवाय पाहिलीच जात नाही. म्हणून तिथे आपला प्रोग्रॅम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते. विद्यार्थी हौसेने आपल्या पहिल्या प्रोग्रॅमला 'टेस्ट' असे नाव देतो, तेच नाव टाइप करतो, आणि काहीच होत नाही. ना उत्तर, ना चूक. 'टेस्ट' नावाची एक आज्ञा शेलमध्ये आधीपासूनच आहे, ती चालली आणि मुकाट्याने संपली. प्रोग्रॅममध्ये तासभर चूक शोधली तरी ती सापडणार नाही, कारण प्रोग्रॅम चाललेलाच नाही!

आणखी एक. प्रोग्रॅमला मिळते ती या यादीची प्रत. त्याने तिच्यात बदल केला तर तो त्याच्यापुरता आणि त्याने पुढे सुरू केलेल्या प्रोग्रॅमांपुरता. ज्याने त्याला सुरू केले त्याच्याकडे तो बदल परत जात नाही. एका खिडकीत 'पाथ' बदलायचा आणि आधीच उघडलेल्या दुसऱ्या खिडकीत तो बदललेला दिसत नाही म्हणून हैराण व्हायचे, हा प्रकार या एका नियमाने उलगडतो. कर्निहन-रिची यांच्या दुसऱ्या आवृत्तीत परिसर-चल वाचणारे 'गेटएन्व्ह' हे फंक्शन आहे, पण ते मागच्या परिशिष्टात, एक-दोन ओळींत. जावाच्या पुस्तकांतून 'क्लासपाथ' कसा लिहायचा हे बरेच दिवस सांगितले जाई, परंतु तेही स्थापनेच्या सूचनांत, 'हे असे टाइप करा' या थाटात. वारशाचा नियम सांगितला असता तर सूचनांची निम्मी पाने वाचली असती.

जीसीसीची स्वतःची पुस्तिका या सगळ्याला अपवाद आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली हा कंपायलर प्रसिद्ध केला आणि त्याबरोबर दस्तऐवज लिहिण्याची एक काटेकोर पद्धतही रुजवली. पुस्तिकेत प्रत्येक पर्याय नोंदलेला आहे, तो काय करतो आणि काय करत नाही हे प्रामाणिकपणे सांगितलेले आहे. तरीही शिक्षकाच्या हाती ती द्यायला आम्ही कचरतो. एक तर पर्यायांचा नुसता पूर आहे, आणि कोणते दहा आधी शिकावेत हे कोणी सांगत नाही. दुसरे म्हणजे नावे. छोटा ओ म्हणजे तयार होणाऱ्या फाइलचे नाव, कॅपिटल ओ म्हणजे वेग वाढवण्यासाठी प्रोग्रॅममध्ये सुधारणा करण्याची परवानगी. दोन्ही रोज लागणारे, आणि फरक फक्त अक्षराच्या उंचीचा. '-वॉल' या नावाचा अर्थ 'सगळे इशारे' असा होतो, पण तो सगळे इशारे देत नाही. उरलेल्यांपैकी काहींसाठी '-डब्ल्यूएक्स्ट्रा' आहे, आणि त्यानेही सगळे येत नाहीत. पुस्तिका हे सांगते, पण ज्याने नुसते नाव वाचले तो फसतोच.

न लिहिलेल्या पर्यायांविषयी तर पुस्तिका वाचल्याशिवाय काहीच कळत नाही. कोणतेही प्रमाण सांगितले नाही तर जीसीसी स्वतःचे एक गृहीत धरतो, आणि ते गृहीत बदलत आले आहे. २०१५ सालच्या ५ व्या आवृत्तीपूर्वी ते १९९० च्या प्रमाणावर आधारलेले होते, मग २०११ च्या, २०१८ साली ८ व्या आवृत्तीपासून २०१७ च्या, आणि २०२५ साली १५ व्या आवृत्तीपासून २०२३ च्या. 'फॉर'च्या कंसातच 'इंट आय' जाहीर करणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्याच्या घरी चालतो आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर अडतो तो यामुळे. उलट पहिल्या परिच्छेदातला प्रोग्रॅम जुन्यावर चालतो आणि नव्यावर अडतो. आज्ञेत '-एसटीडी' लिहिण्याची सवय असती तर दोन्ही ठिकाणी एकच निकाल लागला असता.

कॅपिटल ओबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. '-ओ०' म्हणजे सुधारणा नको, '-ओ१', '-ओ२', '-ओ३' या चढत्या पायऱ्या. बेरजेचा चल शून्यापासून सुरू करायचा विद्यार्थी विसरला, तर बिनसुधारणेच्या प्रोग्रॅमात त्या जागी योगायोगाने शून्यच असू शकते आणि उत्तर बरोबर येते. '-ओ२' दिले की तेच उत्तर बिघडू शकते. 'कंपायलरने माझा प्रोग्रॅम मोडला' ही तक्रार बहुतेक वेळा अशी असते. प्रोग्रॅम आधीच मोडलेला होता, आता तो दिसला इतकेच. '-वॉल' दिले असते तर बहुधा इशारा मिळाला असता.

एका पर्यायाच्या बाबतीत मात्र कंपायलर खरोखरच गणिताचे नियम बदलतो. '-एफफास्ट-मॅथ' देणे म्हणजे दशांश संख्यांच्या बेरजा सोयीच्या क्रमाने करायला परवानगी देणे. आपण म्हणू, क्रमाने काय फरक पडतो? संगणकात पडतो. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ येते. ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६ येते. बेरजेचा साहचर्य नियम इथे लागू नाही. गणिताच्या शिक्षकाला वर्गात सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट कोणती?

इथवर आम्ही ज्या अडचणी सांगितल्या त्या सर्वांत निकाल तरी दिसतो: प्रोग्रॅम अडतो किंवा उत्तर बदलते. २००९ साली आलेल्या एका शोधनिबंधाने याहून अवघड गोष्ट दाखवली. टॉड मिटकोविच, अमेर दिवान, मॅथियस हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी हे त्याचे लेखक. शीर्षकाचा आशय असा, की उघड अशी कोणतीही चूक न करता चुकीची माहिती कशी मिळवावी. त्यांचा प्रश्न साधा होता: '-ओ३' हे '-ओ२'पेक्षा वेगवान आहे का? नेहमीची रीत म्हणजे दोन्ही पर्यायांनी प्रोग्रॅम बांधावा, घड्याळ लावावे आणि तुलना करावी. त्यांनी ते केलेच, पण दर वेळी परिसर-चलांच्या यादीची लांबी तेवढी बदलली. त्या चलांचा प्रोग्रॅमशी काहीही संबंध नव्हता, प्रोग्रॅम ते वाचतही नव्हता. तरी वेळ बदलला, आणि काही प्रोग्रॅमांच्या बाबतीत इतका बदलला की एका लांबीला '-ओ३' सरस ठरावे आणि दुसऱ्या लांबीला उणे. जोडताना फाइलींचा क्रम बदलला तरी असेच झाले.

यात जादू काही नाही. प्रोग्रॅम सुरू होताना परिसर-चलांची यादी स्मृतीत जिथे ठेवली जाते, तिच्या लगतच प्रोग्रॅमचा स्टॅक सुरू होतो. यादी लांबली की स्टॅक तितका सरकतो. प्रोसेसर स्मृतीतली माहिती ठराविक लांबीच्या तुकड्यांनी आणतो. एखादी संख्या एका तुकड्यात पूर्ण बसली तर एकदाच आणावी लागते, दोन तुकड्यांच्या सीमेवर आली तर दोनदा. स्टॅक सरकला की कोणती संख्या सीमेवर येईल ते बदलते. वापरणाऱ्याचे नावही एका परिसर-चलात असते. म्हणजे लांब नावाच्या माणसाला आणि आखूड नावाच्या माणसाला एकाच प्रोग्रॅमचा वेग निराळा मिळू शकतो.

या निबंधाचे मोल आमच्या मते शोधापेक्षा त्याच्या वृत्तीत आहे. लेखकांनी आपल्या क्षेत्रातले १३३ निबंध तपासले आणि अशा पूर्वग्रहाची समाधानकारक दखल एकानेही घेतलेली नाही असे नोंदवले. ते निबंध लिहिणारे नवशिके नव्हते. उपाय म्हणून लेखकांनी जे सुचवले ते वैद्यक आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांना नवे नाही: मांडणी यादृच्छिक रीतीने बदलत पुन्हा पुन्हा मोजा, आणि कारण वाटते ते खरेच कारण आहे का हे वेगळे तपासा. चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१३ साली, प्रोग्रॅम चालू असतानाच त्याची स्मृतीतली मांडणी यादृच्छिकपणे बदलत राहणारे एक साधन तयार केले. एलएलव्हीएम या कंपायलरवर ते वापरल्यावर '-ओ३'चा '-ओ२'वरचा फायदा निव्वळ योगायोगातून वेगळा काढता आला नाही. पहिल्या निबंधात एक उणेपण आहे: मधला भाग प्रोसेसरची अंतर्रचना ठाऊक असल्याखेरीज वाचता येत नाही. तरीही बारावीनंतरच्या विद्यार्थ्याने त्याची पहिली काही पाने शिक्षकाबरोबर बसून वाचावीत असे आम्ही आग्रहाने सांगू. लंबकाचा आवर्तकाल मोजताना दोरीची लांबी तीच ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या मुलाला तो परका वाटणार नाही.

परिस्थिती लिहून ठेवण्याचे साधन मात्र फार जुने आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ साली 'मेक' तयार केले. कोणती फाइल कशापासून आणि कोणत्या आज्ञेने तयार होते, हे एका 'मेकफाइल'मध्ये लिहायचे. मग जी जुनी झाली असेल तेवढीच 'मेक' पुन्हा बांधतो. मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही, आणि या एका नियमाने आजवर किती जणांचा वेळ खाल्ला असेल याची गणती नाही. फेल्डमन यांनी नंतर सांगितले की चूक लक्षात आली तोवर जेमतेम डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून नियम बदलला नाही! आजही मेकफाइल नसली तरी नुसते 'मेक हॅलो' म्हटल्यावर तो हॅलो.सी पासून हॅलो बांधून देतो. 'सीफ्लॅग्ज' या परिसर-चलात '-वॉल' लिहून ठेवले असेल तर तोही आज्ञेत घालतो, आणि पूर्ण आज्ञा पडद्यावर छापतो. पर्याय आणि परिसर-चल यांची गाठ दाखवायला यापेक्षा सोपा प्रयोग आम्हाला सुचत नाही.

डेबियन या लिनक्सच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून एक अवघड काम हाती घेतले: त्याच मजकुरापासून कोणीही, कुठेही बांधले तरी तयार होणारी फाइल बिट न् बिट तीच यावी. त्यांना आड आलेल्या गोष्टी म्हणजे बांधण्याची तारीख आणि वेळ, डिरेक्टरीचे नाव, भाषेची निवड, फाइलींचा क्रम. तारखेसाठी 'सोर्स-डेट-एपॉक' नावाचा एक परिसर-चलच ठरवण्यात आला. फाइल तीच येत असेल तरच कोणी वाटेत तिच्यात काही घुसडले नाही अशी खात्री करून घेता येते.

आता आपल्या वर्गाकडे. पदार्थविज्ञानाच्या जर्नलमध्ये हेतू, साहित्य, आकृती, निरीक्षणे, अनुमान असे मथळे असतात. साहित्य लिहिले नाही तर परीक्षक गुण कापतो. संगणकाच्या जर्नलमध्ये मात्र प्रोग्रॅम आणि त्याखाली आउटपुट. साहित्याचा मथळा तिथेही असावा, आणि त्याखाली तीन ओळी असाव्यात: कंपायलरचे नाव आणि आवृत्ती, बांधण्याची संपूर्ण आज्ञा, आणि प्रोग्रॅम परिसर-चलांवर अवलंबून असेल तर त्यांची नावे व किंमती. आवृत्ती '--व्हर्जन' लिहून मिळते, यादी 'एन्व्ह' लिहून मिळते. तोंडी परीक्षेत क्रमगुणिताची व्याख्या विचारण्याऐवजी १३ चे उत्तर काढायला सांगावे, आणि ते बरोबर आहे का हे संगणकाला न विचारता कसे ओळखाल, असे विचारावे. ५ पासून पुढच्या प्रत्येक क्रमगुणिताच्या शेवटी शून्य असतेच, ही गोष्ट ज्याच्या ध्यानात येईल त्याला १९३२०५३५०४ मधला शेवटचा ४ खटकेल.